दादा सहाव्या दिवशी आला

माझा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. घरची भातशेती होती, पण दादाचं मन शेतात कधी रमलं नाही. विशी ओलांडल्यावर तो गाडी शिकला आणि मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेर जीपच्या रांगेत उभा राहायला लागला. अंगानं आडवा, आवाज मोठा. ‘कल्याण, कल्याण, चला एक सीट’ अशी त्याची हाक स्टँडच्या आत बसलेल्या कंट्रोलरलाही ऐकू जायची.

मी नर्स झाले ती त्याच्यामुळे. बारावीनंतर मला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला, तेव्हा वडील म्हणाले, "लोकांची घाण काढायला पोरगी धाडायची नाय." आई चुलीत फुंकर घालत राहिली. दादा बाहेरून आला, पाय धुतले, आणि ओटीवर बसत म्हणाला, "ती जाणार. मी सोडून येतो." एवढंच. दुसऱ्या सोमवारी त्यानं माझी पत्र्याची पेटी जीपच्या टपावर बांधली. त्या दिवशी कल्याणच्या पुढे गाडी नेली, माझ्या होस्टेलच्या दारापर्यंत. नव्वदच्या दशकातली पहिली काही वर्षं ती. वाटेत तो मला म्हणाला, "बाय, आमच्यातला कुणी आजारी पडला तर आता भ्यायचं नाय. तू हायेस." मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पुढे माझं लग्न शहापूरला झालं. मी आसनगावहून गाडी पकडून शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला जायची. दहा-बारा वर्षं झाल्यावर मला आयसीयूत घातलं. आठ खाटा, पाच व्हेंटिलेटर. त्यातलं एक मशीन कायम कुरकुर करायचं.

स्वाइन फ्लू आला तेव्हा आम्हाला आधी मास्क मिळाले, मग परिपत्रकं, मग रुग्ण. पहिले आठ-दहा दिवस नुसती रांग होती, घसा दुखणाऱ्या आणि घाबरलेल्या लोकांची. त्यांना आम्ही सांगायचो, साधा ताप असेल तर घरी थांबा, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या, गर्दीत जाऊ नका. वरून तसंच सांगितलेलं होतं आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही होतं. ज्यांच्या बाबतीत बरोबर नव्हतं ते चार-पाच दिवसांनी परत यायचे, श्वास लागलेले, ओठ काळे पडलेले. कुणी सातव्या महिन्यातली बाई, कुणी साखरेचा आजार असलेला, कुणी अगदी धडधाकट दिसणारा जाडजूड माणूस. अशा माणसाकडे बघून नातेवाईक म्हणायचे, "एवढा तगडा गडी, याला काय होतंय!" आम्ही सिस्टर मंडळी एकमेकींकडे बघायचो. पाठीवर झोपवल्यावर पोटाचं सगळं वजन छातीवर येतं, फुप्फुसं खालून दबतात. मशीनला हवा आत ढकलायला जोर लावावा लागतो. हे मी त्या दिवसांत रोज डोळ्यांनी बघत होते.

आणि तरीही दादाचा फोन आला तेव्हा मला ते आठवलं नाही.

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा होता. दुपारी माझी ड्युटी चालू असताना त्याचा फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न. "सरळगावला हाय," म्हणाला. "काल संध्याकाळपासून अंग मोडून आलंय गो. घसा पण धरलाय. तुमच्याकडं येऊ का दाखवायला?"

मी दोन मास्कांमधून बोलत होते. समोर एका बाईची लघवी कमी झालेली, डॉक्टरांना सांगायचं होतं. मी म्हटलं, "इथं कशाला येतोस? नसलेला ताप घेऊन जाशील. पॅरासिटामॉल घे, दोन दिवस गाडी बंद ठेव."

"सणाचे दिवस हायेत. बंद कशी ठेवू?"

"मग निदान घरी गेल्यावर झोप."

"बरं. तुझ्या वहिनीला नको सांगू, ती उगाच घाबरंल."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा त्या बाईकडे वळले. माझ्या डोळ्यांपुढे दादा म्हणजे पेटी टपावर बांधणारा दादा होता. त्याचं पोट सुटलंय, जिना चढताना त्याला धाप लागते, त्याचं वजन नव्वदच्या पुढे गेलंय, हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. खाटेवर अनोळखी माणूस असा असता तर मी पहिल्या नजरेत म्हणाले असते, याला आजच स्वाइन फ्लूची कॅप्सूल सुरू करा.

त्या कॅप्सूल तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हत्या. सरकारनं ठरवलेल्या हॉस्पिटलातूनच मिळायच्या. आमच्या औषधांच्या खोलीत, माझ्यापासून वीस पावलांवर, त्यांचे खोके होते.

दादानं दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, दुपारी परत येऊन आडवा झाला. तेव्हा कुठं वहिनीला कळलं की ताप आहे. त्याच्या पुढच्या दिवशी ती त्याला मुरबाडला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले व्हायरल आहे. पुढच्या दिवशी सलाईन लावलं. सलाईन लावल्यावर आमच्याकडच्या माणसाला बरं वाटतं, म्हणजे बरं वाटलंच पाहिजे असं तो धरून चालतो. दादा घरी आला आणि पेज मागितली. त्याच्या पुढच्या सकाळी त्याला भिंतीला टेकून बसल्याशिवाय श्वास घेता येईना. वहिनीनं मला फोन केला.

"ताई, यांचं नाक कसं फुगतंय बघा ना," ती म्हणाली, जणू मला फोनमधून दिसणार होतं.

"आहे तसाच घेऊन ये. कुठं थांबू नको. कुणाला दाखवू नको."

त्याच्याच रांगेतल्या एका जीपवाल्यानं त्यांना आणलं. मी खाली कॅज्युअल्टीच्या दारात उभी होते. दादा स्वतः उतरला. स्ट्रेचर आणलेलं त्यानं हातानं बाजूला सारलं. "चालतोय की मी," म्हणाला. पण तीन शब्दांत दोनदा थांबला. बोटाला चिमटा लावला तेव्हा ऑक्सिजन अडुसष्ट दाखवत होता. मला वाटलं चिमटा बिघडला असेल. दुसरा लावला. तोही तेच सांगायला लागला.

केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरनं वहिनीला विचारलं, "ताप किती दिवस?"

"चार," वहिनी म्हणाली. तिला तेवढाच माहीत होता.

मी बाजूलाच होते. मी काही बोलले नाही. त्या वेळी मनात लपवायचं असं काही नव्हतं, मी ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडाला घट्ट बसवत होते. पण ऐकलं होतं, हे खरं.

रक्ताचे रिपोर्ट आले. साखर साडेतीनशे. त्याला मधुमेह आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं खालपासून वरपर्यंत पांढरी. पहिली कॅप्सूल मीच त्याला पाण्याबरोबर दिली.

आमच्या आयसीयूत त्या वर्षी एक तरुण डॉक्टरीणबाई एमडी करत होत्या. कमी बोलणाऱ्या, हात हलका. संध्याकाळ व्हायच्या आत त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, नळी घालावी लागेल. तो दमलाय. थांबलो तर आपल्या हातून निसटेल."

मी दादाजवळ गेले. मास्कमधून तो माझ्याकडे बघत होता. केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"दादा, तुला झोपेचं औषध देणार. मग मशीन तुझ्यासाठी श्वास घेईल. तू दमलायस ना."

"किती दिस?"

"चार-पाच."

मला माहीत होतं की आमच्याकडे त्या साथीत ज्यांच्या घशात नळी गेली, त्यांतले फार थोडे उठून घरी गेले होते. मला हेही माहीत होतं की जे गेले ते बहुतेक बारीक होते, किंवा लवकर आलेले होते, किंवा दोन्ही. त्यानं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलताना मी लहानपणापासून नाक चोळते, तो मला त्यावरून चिडवायचा. पण त्या दिवशी नाक मास्कखाली होतं.

"आयला मशीनचं नको सांगू," तो म्हणाला. "तिला सांग, जेवतो."

हे त्याचं शेवटचं बोलणं.

मेट्रननी मला सांगितलं की भावाच्या खाटेवर तुझी ड्युटी लागणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. पण खाटा आठच होत्या आणि मधे नुसता पडदा. मी माझ्या रुग्णाच्या नळीतला कफ ओढून काढताना त्याच्या मशीनचा आवाज ऐकायची. कुठल्या आवाजाला काय अर्थ आहे ते मला कळत होतं, हाच त्रास होता. वहिनी बाहेरच्या जिन्यात बसायची आणि तिला नुसता एकच आवाज ऐकू यायचा, म्हणून तिला आशा होती. "मशीन चालू हाय ना ताई?" ती विचारायची. मशीन चालू आहे म्हणजे तो चालू आहे, असं ती समजायची.

दुसऱ्या दिवशी मशीनमधून द्यायचा ऑक्सिजन शंभर टक्क्यांवरून खाली आणता येईना. तिसऱ्या दिवशी त्याला पालथं करून बघायचं ठरलं. आमच्याकडे तेव्हा ते क्वचितच करायचे. सहा जणांनी मिळून त्याला उलटं केलं. मी डोक्याशी होते, नळी धरून. मेट्रन दारात उभ्या होत्या, त्यांनी मला हाकललं नाही. काही तास रक्तातला ऑक्सिजन खरंच वाढला. डॉक्टरीणबाई हसल्या, त्या साथीत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मी जिन्यात जाऊन वहिनीला सांगितलं, "थोडा फरक आहे." तिनं लगेच गावाला फोन लावला.

चौथ्या दिवशी लघवी कमी झाली. दर तासाला पिशवीतलं माप लिहितात. पन्नास, तीस, वीस. मी पडद्यापलीकडून येऊन चोरून तो तक्ता वाचायची. पाचव्या दिवशी दहा. त्याची मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. ज्याची फुप्फुसं मशीनवर आहेत त्याची मूत्रपिंडंही गेली तर पुढे काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलं होतं की मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "डायलिसिस करू या का?" त्यांनी केलं. दोनदा. तिसऱ्या वेळी रक्तदाब टिकेना.

या सगळ्या दिवसांत आई रोज संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवरून मला फोन करायची.

"जेवला काय?"

"हो आई. पेज घेतली."

ते अगदीच खोटं नव्हतं. नाकातल्या नळीतून आम्ही पातळ पेजच देत होतो.

"बोलतो काय?"

"डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय."

"मग ठीक हाय. त्याला उगाच बडबडायची सवय," आई म्हणायची.

नवव्या दिवशी दुपारी साडेबाराला तो गेला. मी तेव्हा पलीकडच्या खाटेवर एका म्हाताऱ्याची कूस बदलत होते. आवाज बदलला तसा मला कळलं. मी म्हाताऱ्याच्या पाठीमागे उशी नीट लावली, हातमोजे काढले, हात धुतले आणि मग पडदा सारून गेले. डॉक्टरीणबाई छाती दाबत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, राहू द्या." त्या थांबल्या नाहीत. आणखी बराच वेळ त्या दाबत राहिल्या. मग थांबल्या.

त्याला मीच पुसलं. मला कुणी अडवलं नाही. डोळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या, नळीच्या दोरीनं गालावर वळ उठला होता तिथं पाणी लावलं. नियमाप्रमाणे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधावं लागलं. वहिनीला लांबून दाखवला. ती मला म्हणाली, "तोंड उघडं करा ना." ते माझ्या हातात नव्हतं, असं मी तिला सांगितलं. शहरातल्याच स्मशानात नेलं. गावी न्यायला परवानगी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी गावातलं कुणी खांदा द्यायला आलं असतं का कोण जाणे. आमच्या घराच्या वाटेनं लोक आधीच यायचे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्यानं गावी गेले. भात पोटरीला आलं होतं. आई ओटीवर बसली होती, तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून दोन बाया. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "तू तर म्हणायचीस जेवतो."

मी तिच्या पायाशी बसले.

वहिनीनं मात्र सगळ्यांपुढे माझी बाजू घेतली. "ताई नऊ दिवस त्यांच्या उशाशी होत्या. स्वतःच्या पोरीला जवळ घेतलं नाय त्यांनी. आपलं माणूस आपल्या माणसाच्या हातात गेलं, हेच समाधान." दोन्ही बायांनी माना डोलावल्या. त्या वेळी मला सरळगावहून आलेला फोन सांगायला हवा होता. मी पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला.

साथ ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्रबंधासाठी एक काम हाती घेतलं. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांतले कोण मेले, कोण वाचले, आणि मेलेल्यांमध्ये वेगळं काय होतं, ते शोधायचं. जुने केसपेपर काढून मोठ्या कागदावर रकाने भरायचे होते. त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही वाचून दाखवाल? तुम्हाला डॉक्टरांचं अक्षर लागतं." दुपारच्या सुट्टीत आम्ही रेकॉर्डच्या खोलीत बसायचो. मी वाचायची, त्या लिहायच्या. वय. वजन. गरोदर आहे की नाही. साखर. ताप येऊन कितव्या दिवशी दाखल. पहिली कॅप्सूल कितव्या दिवशी. पहिल्या दिवशी ऑक्सिजन किती लागला. लघवी कधी कमी झाली. निकाल.

आठवड्याभरानं दादाचा केसपेपर हातात आला. डॉक्टरीणबाईंनी वरचं नाव बघितलं आणि हात पुढे केला. "हा मी नंतर एकटी करीन."

"नको. आत्ताच करू."

मी वाचलं. वय बेचाळीस. वजन चौऱ्याण्णव. साखर साडेतीनशे. कॅप्सूल कधी सुरू केली, तिथं लिहिलं होतं, चौथा दिवस. मी ते वाचलं आणि थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हे चूक आहे. सहावा लिहा."

"केसपेपरवर चार आहे ना?"

"वहिनीनं चार सांगितलं. तिला आधीचे दोन दिवस माहीत नव्हते. त्यानं दुसऱ्या दिवशी मला फोन केला होता. येऊ का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, येऊ नको."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. मग त्या हळू म्हणाल्या, "तेव्हा आपण सगळ्यांनाच तसं सांगत होतो."

"हो."

"दुसऱ्या दिवशी आला असता तरी वाचला असताच असं नाही. वजन होतं, साखर होती."

"हो मॅडम. ते मला माहीत आहे. तुम्ही सहा लिहा."

त्यांनी सहा लिहिलं. मी पुढचं वाचायला घेतलं. ऑक्सिजन, लघवी, डायलिसिस, निकाल. मग पुढचा केसपेपर उघडला. तो एका गरोदर बाईचा होता. ती वाचली होती, बाळ नव्हतं वाचलं. बाळासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

प्रबंध पूर्ण झाल्यावर त्यांनी मला शेवटची दोन पानं मराठीत समजावून सांगितली. उशिरा येणं, उशिरा औषध, जाडी, साखर, मूत्रपिंडं बंद पडणं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. माझ्या मनात उगाच असं होतं की एवढे कागद चाळल्यावर काहीतरी असं सापडेल, ज्याच्यावर कुणाचाच इलाज चालला नसता.

पुढच्या पावसाळ्यात आजार पुन्हा आला, थोडा कमी. मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले, ताप आला की त्याच दिवशी या. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंतच्या नातेवाइकांना फोन केले. लोक हो म्हणायचे. मग पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी यायचे, हाताला सलाईनची चिकटपट्टी तशीच असलेले. कुणाची लावणी राहिलेली, कुणाला शेवटची जीप चुकलेली, कुणाला कुणीतरी शहाण्या माणसानं सांगितलेलं की काही होत नाही, घरी थांब. मी त्यांना रागावायची नाही. नळी घालायच्या आधी ते विचारायचे, किती दिवस? आणि मी म्हणायची, चार-पाच.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. तिनं मला जेवणाबद्दल पुन्हा विचारलं नाही. वहिनी अजून गावी असते, दोन्ही मुलींची लग्नं तिनं केली. ती मला दर सणाला फोन करते आणि लोकांना सांगते की आमच्या ताईंनी शेवटपर्यंत केलं. दोनदा मी तिला सांगायचं ठरवून गेले. पहिल्यांदा तिच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्यांदा आम्ही दोघीच होतो, ती तांदूळ निवडत होती, मी तिच्या समोर बसून सुपातले खडे वेचायला लागले, आणि संध्याकाळची एसटी यायची वेळ झाली.